नदीची चित्रकार्डे : छंद की साक्ष?

जुन्या वस्तू जमविणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा कीवेने पाहिले जाते. नाणी, तिकिटे, आगपेट्यांवरची चित्रे जमविणे शाळकरी वयात शोभते. पुढे नोकरी लागली, संसार मागे लागला की ते सुटावे, अशी रीत आहे. त्यामुळे मी नद्यांची जुनी चित्रकार्डे जमवितो असे सांगितले की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला : “त्यांचे पुढे करणार काय?” आणि दुसरा : “किंमत किती येते?” दुसऱ्या प्रश्नात मला रस नाही. पहिल्याचे उत्तर मात्र द्यावेसे वाटते. कारण ते एकट्या माझ्यापुरते नाही, बोरी नदीच्या आसमंतात राहणाऱ्या आपणा सर्वांपुरते आहे.

प्रथम चित्रकार्ड म्हणजे काय ते पाहू. साधे पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. आपल्या देशात ते १ जुलै १८७९ रोजी आले आणि पाव आण्यात कोठूनही कोठेही खुशाली कळू लागली. पुढे या कार्डाच्या एका अंगाला चित्र छापण्याची कल्पना निघाली. सुरुवातीला मागच्या सगळ्या बाजूवर फक्त पत्ता लिहायची मुभा असे, त्यामुळे मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीने कोंबावा लागे. १९०२ साली इंग्लंडच्या टपाल खात्याने मागची बाजू मधोमध विभागायला परवानगी दिली : डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. इतर देशांनीही थोड्याच वर्षांत हा नियम उचलला. तेव्हापासून १९१४ च्या महायुद्धापर्यंतचा काळ हा चित्रकार्डांचा भरभराटीचा काळ होय. तेव्हा घरोघरी दूरध्वनी नव्हता आणि वर्तमानपत्रातले छायाचित्र अजून नवलाईचे होते. परगावचे दृश्य डोळ्यांनी पाहायचे तर सामान्य माणसाला कार्ड हेच स्वस्त साधन होते.

या कार्डांवर काय नव्हते! देवळे, रेल्वेची स्थानके, राजवाडे, बाजार, निरनिराळ्या जातींचे वेष. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या थोर चित्रकारानेही कार्डांसाठी चित्रे काढली. रविवर्मा छापखान्याच्या चित्रांनी भिंती सजल्या, तशी कार्डेही घरोघर गेली. नद्यांच्या बाबतीत आपल्या प्रांती दोन ठिकाणे संग्राहकांना हमखास भेटतात. एक पुण्याच्या मुळा-मुठेवरचा बंड, म्हणजे जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेला बंधारा; आणि दुसरे नाशिकचा गोदाघाट.

नाशिकच्या कार्डांपासून मी पुष्कळ शिकलो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. वरवर पाहिले तर सगळी कार्डे सारखीच : घाट, देवळे, पाण्यात उभी माणसे. पण भिंग घेऊन बसले की एकेक गोष्ट दिसू लागते. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते मोजता येते; त्यावरून ऋतूचा अंदाज बांधता येतो. नारोशंकराचे देऊळ दिसते. त्याच्या घंटेला पुराचे पाणी लागले म्हणजे मोठा पूर, हे नाशिककरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे माप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला पूल चित्रात आहे की नाही, यावरून छायाचित्राचा काळ आगेमागे सरकवता येतो. धुणी कुठे धूत, गुरे कुठे उतरत, भाजीचा बाजार पात्रात कुठवर भरे, हे सारे तिथे आहे. छायाचित्रकाराला यांतले काहीच दाखवायचे नव्हते. त्याला हवी होती देवळांची शोभा. बाकीचे त्याच्या काचेत आपोआप शिरले. जे मुद्दाम दाखवले नाही तेच पुढे मोलाचे ठरते, असा या छंदाचा मला आलेला अनुभव आहे.

हे मोलाचे कसे, तेही सांगतो. २००३ च्या सिंहस्थाच्या आधी नाशिकला गोदापात्रात काँक्रीट घातले गेले आणि जुन्या कुंडांचे तळ त्याखाली गेले. पुढे नदीचे जिवंत झरे बुजले अशी तक्रार घेऊन नागरिक उभे राहिले. काँक्रीट काढा, कुंडे मोकळी करा, अशी मागणी झाली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो हाच, की कुंड होते कुठे आणि दिसत होते कसे? म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीला कागदाची जोड लागते. जुना नकाशा लागतो, जुने चित्र लागते. ज्याने एके काळी चार आण्यांना कार्ड विकत घेऊन ट्रंकेत टाकले, त्याला ठाऊकही नव्हते की आपण नदीची साक्ष जपून ठेवीत आहोत.

ही गोष्ट आपल्याच देशातली नाही. कॅनडाच्या पश्चिमेला प्रेअरी नावाचा अफाट गवताळ मुलूख आहे. त्यातून दक्षिण सस्कॅचेवान नदी वाहते आणि तिच्या काठी सस्काटून शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेमागोमाग तिथे परदेशातून वसाहतवाले आले. नवे गाव, नवा पूल, नवी शाळा यांची कार्डे त्यांनी मायदेशी धाडली. ‘आम्ही सुखरूप आहोत आणि हे गाव वाढते आहे’ हेच त्या चित्रांचे सांगणे. तिथला नदीवरचा रहदारीचा पूल १९०७ साली झाला आणि ७ जून १९०८ रोजी ‘सिटी ऑफ मेडिसिन हॅट’ नावाची वाफेची बोट पुराच्या पाण्यात त्याच पुलावर आदळून उलटली. तो पूल २०१६ साली पाडण्यात आला आणि २०१८ साली त्या जागी नवा खुला झाला. नदीही बदलली, शहराच्या वरच्या अंगाला १९६७ साली मोठे धरण पुरे झाले आणि तिचे जुने चढउतार राहिले नाहीत. आता तो पूल आणि ती मोकळी नदी पाहायची तर जुन्या चित्रांतच. अल्बर्टा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्या मुलखाची अशी हजारो कार्डे जमवून ठेवली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांचे गाव आपला इतिहास इतक्या काळजीने राखते, आणि आपण?

आपल्याकडे त्याच १९०८ साली, सप्टेंबरच्या अखेरीस, हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे गेली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे ती आपल्या राजधानीची नदी. त्या विध्वंसाची छायाचित्रे निघाली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूर अडविण्याची योजना झाली, १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. निजामाचे टपाल खाते स्वतंत्र होते आणि त्याची तिकिटेही स्वतंत्र. १९३१ च्या सुमारास निघालेल्या तिकिटांत चार आण्याच्या तिकिटावर हा उस्मानसागर आहे. पुरापासून तलावापर्यंत आणि तलावापासून तिकिटापर्यंत एका नदीची हकीकत अशी कागदावर उमटलेली आहे. राजधानीच्या नदीला हे भाग्य लाभले. तालुक्याच्या नदीला लाभले नाही.

आता आपल्या बोरीकडे येऊ. अणदूरहून नळदुर्ग हाकेच्या अंतरावर. तिथे बोरीला वळवून किल्ल्याभोवती फिरवली आहे, मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये धरणाची भिंत घातली आहे आणि त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, १६१३ सालचे हे काम. पावसाळ्यात भिंतीवरून पाणी पडू लागले की नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायला सोलापूर-लातूरहून माणसे येतात. भिंतीवरून नदी कोसळते आहे आणि आत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब नाही, असे दृश्य जगात किती ठिकाणी असेल? १८५३ साली हा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेला, तेव्हा कर्नल मेडोज टेलर येथे अधिकारी होता. त्याने आत्मचरित्रात नळदुर्गविषयी लिहिले आहे. तो स्वतः चित्रे काढणारा माणूस. त्याची दख्खनची चित्रे १८३७ सालीच लंडनला छापली गेली होती.

असे असूनही बोरीचे एकही जुने चित्रकार्ड माझ्या पाहण्यात आजवर आलेले नाही. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईचा चोरबाजार झाला, हैदराबादच्या रद्दीवाल्यांकडेही चौकशी केली. बंडाची कार्डे पुन्हा पुन्हा हाती येतात. बोरी येत नाही.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. कार्ड विकत घेणारा जिथे जाई तिथले कार्ड निघे. तो जाई रेल्वेने, उतरे छावणीत किंवा थंड हवेच्या ठिकाणी. पुण्याला छावणी होती, नाशिकला यात्रा होती, दोन्हीकडे आगगाडी होती. सोलापूरला १८६० साली रेल्वे आली, पण तिथून नळदुर्ग गाडीरस्त्याचा प्रवास, आणि तोही दुसऱ्या राज्यात. थोडक्यात, कोणती नदी सुंदर याचा निकाल नदीने लावला नाही. रेल्वेच्या वेळापत्रकाने लावला. आज ग्रंथांतून, प्रदर्शनांतून ‘जुना महाराष्ट्र’ म्हणून जी चित्रे आपल्यापुढे येतात, त्यांत मराठवाडा इतका थोडा का, याचे एक उत्तर इथे आहे. आणि जे चित्रात नाही ते घडलेच नाही, अशी समजूत व्हायला वेळ लागत नाही.

येथे काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की ही सगळी साहेबाची नजर. त्याने आपल्याकडे तमाशा म्हणून पाहिले. ते आपण उराशी का धरावे? आक्षेप निम्मा खरा आहे. कार्डाखालचा मथळा पाहिला तर ‘नदीवर धुणे धुणारे नेटिव्ह’ अशा थाटाचा असतो. पण साक्षीदार परका आहे म्हणून साक्ष टाकून देत नाहीत, तिची उलटतपासणी करतात. ती कशी करावी हे मात्र शिकले पाहिजे. बरीचशी कार्डे जर्मनीत छापली जात. मूळ छायाचित्र काळेपांढरे, रंग तिथल्या कारागिराने भरलेले. त्या बिचाऱ्याला आषाढातल्या गोदावरीचे गढूळ पाणी काय माहीत? त्याने नदी निळीशार करून टाकली. तेव्हा रंगावर विश्वास ठेवू नये. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख ही कार्ड धाडल्याची तारीख. छायाचित्र त्याच्या आधी दहा वर्षांचेही असू शकते. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ते छापील, ठिपके नसून छटा सलग असेल तर बहुधा अस्सल छायाचित्र. एवढी दक्षता घेतली की साहेबाच्या चित्रातूनही आपली नदी वेगळी काढता येते.

शिवाय कार्डाला मागची बाजू असते, हे विसरू नये. माझ्या संग्रहात रामकुंडाचे एक फाटके कार्ड आहे. बाजारभावाने त्याला कोणी विचारणार नाही. पण मागे बाळबोध अक्षरात एका यात्रेकरूने घरी लिहिले आहे : पाणी उतरले, स्नान झाले, उद्या निघतो, बैलाची काळजी घ्यावी. पुढच्या अंगाला साहेबाची नदी आहे आणि मागच्या अंगाला आपली. श्रीमंत संग्राहक कोरी कार्डे शोधतात. मी लिहिलेली शोधतो.

दुसरा आक्षेप आजकालच्या तरुणांचा : आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, धबधबा सुरू झाला की एका दिवसात हजारो छायाचित्रे निघतात, मग जुन्या कागदांचे कौतुक कशाला? माझे उत्तर असे, की चित्रांची संख्या वाढली म्हणून आठवण वाढली असे होत नाही. त्या हजारांपैकी किती चित्रांवर तारीख, जागा आणि काढणाऱ्याचे नाव आहे? त्यांपैकी किती चित्रांत नदी आहे आणि किती चित्रांत आपण? मोबाईल बदलला, बिघडला, हरवला की ती सगळी जातात. पाव आण्याचे कार्ड शंभर वर्षे टिकले, कारण कोणीतरी ते कोणालातरी पाठवले होते आणि त्याने ते टाकले नाही. टिकवणे हे यंत्राचे काम नव्हे, माणसाचे आहे.

तिसरा आक्षेप, की गावाला प्यायला पाणी नाही तिथे नदीची चित्रे कसली जमवता? हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. कारण तो रिकाम्या घागरीतून आलेला आहे. पण नेमके म्हणूनच जुनी चित्रे हवीत. नदी किती महिने वाहत होती, डोह कुठे होता, वाळू किती होती, काठावर झाडे कोणती होती, हे ठाऊक नसेल तर काय गमावले ते कळणार नाही, आणि जे गमावल्याचे कळतच नाही ते परत मागताही येत नाही. आज ज्या मुलाने पात्रात फक्त खडक आणि बाभळी पाहिल्या, त्याला तीच नदी वाटते.

आणि उशीर करण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. उजनी धरणात १९८० च्या सुमारास भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने देऊळ दुष्काळात पाणी ओसरले की वर येते आणि लोक त्याची छायाचित्रे काढायला धावतात. पण देवळाभोवती गाव नांदत असतानाची चित्रे कोणाकडे आहेत? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या वाड्यांतली दप्तरे, पोथ्या, फोटो एका दिवसात वाहून गेले. आपल्या उंबरठ्याशी तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहे. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे पडली. हजारो माणसे गेली, तिथे ट्रंकेतल्या कागदांचा हिशेब कोण करणार? तो तेव्हा कोणी करूही नये. पण गावे नव्या जागी वसली आणि तिथे वाढलेली पिढी जुने गाव कसे होते असे विचारू लागली, तेव्हा दाखवायला फार थोडे उरले होते. धरण, पूर, भूकंप यांना सांगून यायची सवय नाही.

कोणी म्हणेल, लिहून ठेवण्याची आपली परंपराच नाही. हे मला मान्य नाही. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरला राहतो. देव एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. प्रत्यक्ष देवाचे जाणेयेणे जो मुलूख कागदावर घेतो, त्याला नदीचे जाणेयेणे कागदावर घेता येणार नाही काय? सवय आपल्यात आहे. ती नदीपर्यंत पोचवायची एवढेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बोरीचे चित्रकार्ड साहेबाने काढले नाही, तर त्याची वाट पाहत बसू नये. आपल्या घरातच पाहावे. पौषी पौर्णिमेच्या यात्रेला गेलेल्या कुटुंबाचा फोटो, लग्नानंतर जोडप्याने पाणीमहालासमोर काढून घेतलेला फोटो, शाळेच्या सहलीचा फोटो, निजामाच्या टपालाचे एखादे पिवळे कार्ड : यांत कुठेतरी मागे नदी आहे. माणसे पुढे उभी असल्यामुळे तिच्याकडे आजवर कोणी पाहिले नाही इतकेच.

महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत घरचे असे एकच चित्र शोधावे. मूळ वस्तू घरच्यांचीच राहावी. ग्रंथालयाने तिची चांगली प्रत काढून घ्यावी आणि मूळ परत करावे. प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने सहा गोष्टी लिहाव्यात : नदीचे नाव, जागा, साल, महिना, चित्र कोणी काढले आणि कोणाच्या घरून आले. साल नक्की माहीत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ‘मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी’ असे उत्तर आले तरी ते तसेच लिहावे. १९७२ चा हिशेब नंतर लावता येतो. चित्राला गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये, त्यावर प्लॅस्टिक वितळवून चढवू नये, उन्हाच्या भिंतीला टांगू नये. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा पेटी उघडून पाहावी. याला अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. एक कपाट आणि एक वही लागते.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात पत्रलेखन सापडेल, इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधन सापडेल, भूगोलाच्या विद्यार्थ्याला पात्र सापडेल. एका वर्षात पन्नास चित्रे जमली तरी बोरीचा आजवर कोणी केला नाही असा संग्रह होईल, आणि तो पुण्या-मुंबईच्या बाजारात नव्हे, अणदूरच्या कपाटात असेल.

‘त्यांचे पुढे करणार काय?’ असे मला विचारतात. उद्या या नदीविषयी काही ठरवायची वेळ आली, धरणाची, वाळूची, घाटाची किंवा पुलाची, तर त्या दिवशी टेबलावर ठेवायला आपल्याजवळ काहीतरी असावे, एवढ्यासाठी. माझ्याकडची कार्डे, त्या रामकुंडाच्या फाटक्या कार्डासकट, मी याच ग्रंथालयाला देण्याचे ठरविले आहे. शेजारी बोरीची चित्रे ठेवायला जागा मोकळी सोडावी, एवढीच माझी अट आहे.